किती पळालीस?

खो-खोत पळणारा गडी आज ना उद्या बाद व्हायचाच. तीन-तीनच्या तुकडीने आत उतरायचं आणि पाटीवर बसलेल्या आठ जणींमधून वाट काढायची. पाठलाग करणारीला मागे वळता येत नाही, खांब गाठल्याशिवाय बाजू बदलता येत नाही. तरी खो पडत राहतात आणि शेवटी कुणाचा तरी हात पाठीला लागतोच. आमच्या सांगलीच्या शाळेत खेळाच्या बाई बाहेर येणाऱ्या मुलीला एवढंच विचारायच्या, "किती पळालीस?" बाद कशी झालीस, ते नंतर, सरावात. वहीत मिनिटं-सेकंद लिहिले जायचे. पेपरातल्या बातमीतही हरलेल्या संघातल्या चांगल्या पळतीची वेळ नावासकट छापून येते, याचं मला तेव्हा फार अप्रूप होतं.

रडायला सवड नसे. डाव पालटला की तीच मुलगी पाटीवर. तोंड पाडून बसलं तर खो मिळाल्यावर उठायला क्षणभर उशीर होतो आणि गडी निसटतो. रुसव्याचा भुर्दंड सगळ्या संघाला, तोही तिथल्या तिथे. त्याहून अवघड म्हणजे समोरची दोन हातांवर असताना खो देऊन बसणं. ईर्ष्या पेटलेली असते, आणि गडी मात्र दुसरीच्या नावावर जाणार असतो. बाईंनी यावर कधी भाषण दिल्याचं आठवत नाही.

पुढे बँकेत बढतीच्या यादीत नाव नसलं की मी दुसऱ्या दिवशी काउंटरवर बसायचे. बसावंच लागतं म्हणा.

आता लेक खेळते, पुण्यात, मॅटवर. मैदानाच्या कडेला आम्ही पालक मोबाइल धरून उभे. खरा उपद्रव सामन्यात होत नाही, तो परतताना गाडीत होतो: "खांबापाशी थांबलीस कशाला?" हरल्याचं दुःख मुलं वडापाव खाईपर्यंत विसरतात, आईबाप ते घरापर्यंत पुरवतात. सगळ्यांनाच पदक वाटण्याची नवी रीतही मला पटत नाही. हरलो हे मुलांना नेमकं ठाऊक असतं.

जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. प्रियांका इंगळेच्या भारतीय संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. आम्ही दोघी टीव्हीसमोर होतो. तुकडी ठरावीक वेळेपलीकडे टिकली तर पळणाऱ्यांनाही गुण, याला 'ड्रीम रन' म्हणतात, हे लेकीने मला समजावलं. आमच्या वेळी गुण फक्त मारणाऱ्यांचे. पळती बाईंच्या वहीत.

लेकीनेही वही केली आहे. तिच्यात स्वतःपेक्षा प्रतिस्पर्ध्यांच्याच वेळा जास्त. धाराशिवच्या एका मुलीच्या नावाखाली दोनदा रेघ मारलेली. ती डावीकडे हुलकावणी देते आणि उजवीकडे निघते, एवढं हेरून झालंय. पुढच्या वेळी तिला दीड मिनिटाच्या आत काढायचं, हे मला न विचारताच ठरलंय.