रिकामा शंख

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होऊ लागले, की आमच्या घरात प्रवासाचे बेत शिजू लागतात. गेल्या वर्षी मी जाहीर केले, "यंदा समुद्र पाहायला जामनगरला जायचे!"

"अहो, मुंबईत राहून समुद्र पाहायला जामनगर?" सौभाग्यवतींनी विचारले.

"इथे आपण समुद्राच्या काठाने चालतो. तिथे त्याच्या तळावरून चालायचे!" मी वर्गातल्या आवाजात उत्तरलो.

यात अतिशयोक्ती नव्हती. कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर आपल्या देशातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. १९८२ साली ते जाहीर झाले. तिथल्या बेटांवर नावेने जावे लागते. पण जामनगरहून द्वारकेच्या रस्त्याने साधारण साठ किलोमीटरवर नरारा आहे. तिथपर्यंत मोटार जाते आणि पुढे ओहोटीच्या वेळी पायी चालता येते. मराठी माणसाला हा मुलूख अगदीच परका नाही. जवळचे ओखामंडळ बडोद्याच्या गायकवाडांकडे होते आणि तिथल्या सागरी जीवांवरचा जेम्स हॉर्नेल यांचा अहवाल सयाजीरावांच्याच काळात, १९०९ साली निघाला.

आमची तयारी पंचांगापासून सुरू झाली. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरती मोठी, तशी ओहोटीही मोठी. अष्टमीच्या सुमारास दोन्ही मवाळ. ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. एरवी गणिताशी उभा दावा मांडणारे आमचे दहा वर्षांचे चिरंजीव हा हिशेब घेऊन तासभर बसले. आठ वर्षांच्या कन्येने सगळ्यांचे जुने कॅनव्हासचे बूट शोधून काढले. मेलेल्या पोवळ्याच्या धारेवर अनवाणी चालण्याची सोय नाही.

पौर्णिमेनंतरच्या एका सकाळी आम्ही नराऱ्याला पोहोचलो. वनखात्याची परवानगी काढली, वाटाड्या बरोबर घेतला. त्याने फाटकापाशीच बजावले, "इथले काही न्यायचे नाही." तिवरांची झाडी मागे पडली आणि समोर पाहतो तो समुद्र नाहीसा! दूरवर खडक, चिखल आणि आभाळ दाखवणारी लहानलहान डबकी.

वाटाड्याने मुलांना एक खेळ शिकवला. एका डबक्याशी बसायचे, पाण्यावर आपली सावली पडू द्यायची नाही आणि बोलायचे नाही. आमची मुले गप्प बसली, हेच मला पहिले नवल! थोड्या वेळाने डबके जागे झाले. दगडाखालून खेकडा निघाला. फूल समजून आम्ही ज्याच्याकडे पाहत होतो त्याने पाकळ्या मिटून घेतल्या. तो प्राणी होता. एका ऑक्टोपसने आमच्या देखत रंग पालटला. वाटाड्या कुठलाही दगड उलटला, की तो पुन्हा जसाच्या तसा ठेवी. "हे त्यांचे छप्पर आहे, साहेब," तो म्हणाला.

चिरंजीव त्याच्यामागे पुढे गेले होते, तेव्हा कन्येने मला एक सुरेख शंख दाखवला. "बाबा, घेऊ?"

मी आत डोकावलो. "घे. रिकामा आहे. कोणाचे काही जात नाही."

शंख फ्रॉकच्या खिशात गेला. पुढच्याच डबक्यापाशी वाटाड्याने चालणारा शंख दाखवला. आत खेकडा होता. या खेकड्याचे पोट मऊ असते, म्हणून तो गोगलगायींच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड करतो आणि अंगाने वाढला, की मोठी जागा शोधतो.

"आणि मोठी जागा मिळालीच नाही तर?" कन्येने विचारले.

"मग अडचणीत राहायचे. नाहीतर कोणीतरी खाऊन टाकते."

तिचा हात खिशाशी गेला. हळूच तिने शंख बाहेर काढला. वाटाड्याचा चेहरा कठोर झाला. "बेटी, कोणी सांगितले घ्यायला?"

ती काहीच बोलली नाही. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मी गप्प राहिलो असतो, तर तिने तो अपराध निमूटपणे स्वतःवर घेतला असता. ते लक्षात आले आणि उन्हात उभा असूनही मला थंडगार वाटले. इतकी वर्षे मुलांना शब्दांचे अर्थ शिकवतो. 'काही न्यायचे नाही' या तीन शब्दांतून मी सोयीची पळवाट काढली होती.

"मी सांगितले," मी म्हणालो. "चूक माझी."

वाटाड्याने पाण्याकडे पाहिले. "भरती लागायला वेळ आहे. जिथला होता तिथे ठेवू या."

आम्ही मागे फिरलो. ती जागा कन्येने अचूक ओळखली. शंख ठेवून परतताना तिने माझे बोट धरले, आणि मगच माझा जीव भांड्यात पडला.

त्या रात्री जामनगरच्या मुक्कामावर मुलांनी वह्या काढल्या. चिरंजिवांनी ओहोटीचे कोष्टक मांडले. कन्येने शंखाचे मोठे चित्र काढले आणि आमच्या गल्लीतल्या पाट्यांवर असते तसे त्याखाली वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिले:

'जागा भाड्याने देणे आहे.'