सुशीला

लेखकाला भूक लागते ती पोटाला नव्हे, अडलेल्या वाक्याला. आमच्या वाशीत (नवी मुंबईतली नव्हे हो, धाराशिव जिल्ह्यातली!) माझी कथा दुसऱ्या पानावर अडली, की मी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारतो, "अगं, सुशीला आहे का?" हे ऐकून पुण्याचे एक पाहुणे आमच्या हिच्याकडे फार करुणेनं पाहू लागले. त्यांना काय ठाऊक, मराठवाड्यात सुशीला बशीतून येते! चुरमुरे भिजवायचे, पिळायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायचे, वर दाण्याचा कूट. जास्त भिजले की लगदा. कथेचंही तेच.

सुशीला संपली, की पेढा. कुंथलगिरी आमच्याच जिल्ह्यात असल्यानं वाङ्मयाचं बरंच नुकसान झालंय. पण पेढा जिभेवर विरघळताना एक विचार टोचतोच : चारपाच लिटर दूध आटतं तेव्हा कुठं किलोभर खवा होतो, आणि आटवणारा कढईपाशी बसून ढवळत असतो, मधेच उठून सुशीला मागत नाही. उठला, की खाली लागलंच!

मग मी मुकाट्यानं टेबलाशी येतो. बशी रिकामी, कागदही रिकामा. बशी ही पुन्हा भरून देईल. कागद मात्र कुणी भरून देत नाही.