तोतयाची जबानी

ब्राउझरचे बनावट ठसे घडविणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंस हे सांगावयास नको की, या कामातील खरी अडचण एकेका उत्तराच्या खरेपणाची नसून त्या उत्तरांच्या आपसांतील मेळाची असते. पडद्याची रुंदी किती, चित्रे रेखाटणारी चिप कोणाची, भाषा कोणत्या, संकेतस्थळांच्या या प्रश्नांची सुटीसुटी उत्तरे कोणताही नवशिका अस्सल देईल. परंतु विंडोजचा दाखला मिरविणाऱ्याच्या पोटात ॲपलची एम-वन चिप निघाली, किंवा जी सफारी आपली स्मृती किती हे कधी सांगतच नाही तिने आयफोनवरून तो आकडा उत्साहाने पुढे केला, की सारा दस्तऐवज क्षणात रद्दबातल होतो. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा जो तोतया उभा राहिला आणि 1776 मध्ये देहान्त शासन पावला, त्याच्या हाती निदान लोकांस भुलविणारा चेहरा होता. माझ्या तोतयांना केवळ जबानी आहे.

घड्याळाच्या एका कलमावर मी जितका काळ वेचला, तितका ठसे घडविणाऱ्या माझ्या उरलेल्या सबंध यंत्रावर वेचला नसेन. हिंदुस्थानची वेळ ग्रीनिचच्या 330 मिनिटे पुढे, एवढे सर्वांस ठाऊक असते. पण कलकत्त्याचे सरकारी नाव 2001 मध्ये पालटल्यावरही क्रोम कित्येक वर्षे ‘एशिया/कलकत्ता’ असेच उत्तर देत आला आणि फायरफॉक्स मात्र ‘एशिया/कोलकाता’ म्हणू लागला. तेव्हा क्रोमच्या तोंडी अद्ययावत नाव घालणारा कारागीर आपल्या अचूकपणापायीच पकडला जातो. हा बारकावा मला सापडला त्या रात्री मला जो गर्व झाला, तो अद्याप पुरता उतरलेला नाही.

आमच्या धंद्यातील दुसरा एक पंथ संकेतस्थळ ब्राउझरकडून गुपचूप काढवून घेते त्या चित्राच्या ठिपक्यांत यदृच्छेने गढूळपणा कालवतो आणि त्यालाच कला म्हणवितो. तेच चित्र लागोपाठ दोनदा काढावयास लावावे. दोन्ही खेपांत तफावत आढळली की मुखवटा गळून पडतो. या मंडळींविषयी मला आदर वाटत नाही. तशी कलेला उतरती कळाही लागलीच आहे: पूर्वी अँड्रॉइडवरचा क्रोम हँडसेटचे नाव-गाव सांगत असे, 2023 पासून तो बहुतेकांविषयी ‘अँड्रॉइड 10, के’ एवढेच पुटपुटतो, आणि त्या एका अक्षराआड कोट्यवधी फोन सारखे होऊन बसले आहेत.

संशोधक एकर्सली यांनी 2010 मध्ये सुमारे 4,70,000 ब्राउझर तपासले, तेव्हा 83.6 टक्के ठसे एकमेव निघाले. 2018 मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी वीस लाखांहून अधिक ठसे पाहिले, तेव्हा हे प्रमाण 33.6 टक्के भरले. माझे यंत्र एकमेव नसलेल्या ठशांच्या गर्दीतच घर करते: आधी यंत्रणा ठरवावी, तिच्या अनुषंगाने ब्राउझर, त्याच्या अनुषंगाने पडदा आणि चिप, अशी सशर्त संभाव्यतेची उतरंड रचीत जावे, म्हणजे निघणारा इसम अगदी चारचौघांसारखा दिसतो.

ते चारचौघे कोण, हा प्रश्न माझ्याकडे शिकावयास येणाऱ्या, तलासरीकडील उधव्याजवळच्या पाड्यावरील मुलीने उपस्थित केला. ठसा खरा की बनावट हे सांगणाऱ्या माझ्याच तपासणीपुढे तिने आपला फोन धरला. फोन भावाकडून आलेला. जागा भरल्यामुळे वर्षानुवर्षे न बदललेला ब्राउझर. भाषा प्रथम मराठी, मग गुजराती. आणि उधव्यापासून दादरा-नगर हवेलीची हद्द जवळ असल्यामुळे पकडलेला टॉवर गुजरात मंडळाचा. निकाल आला: बनावट.

“सर, म्हणजे माझाच फोन तोतया?” तिने विचारले.

मी संभाव्यतेवर दीर्घ विवेचन केले. ते तिने शांतपणे ऐकून घेतले आणि माझा नमुना कोठे गोळा झाला एवढेच विचारले. तो मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांत गोळा झाला होता. मला लागले ते निराळेच: ज्या कलकत्त्यासाठी मी रात्री जाळल्या, त्याकडे तिचे लक्षसुद्धा गेले नव्हते.

आता ती बाजारात ओळखीच्यांची परवानगी घेऊन, नाव-नंबर वगळून, अशा फोनांचे ठसे टिपते आणि मी ते उतरंडीत बसवितो. सुबकपणा गेला आहे. माझे जुने ग्राहक नव्या ठशांकडे पाहून असा माणूस असतो तरी का, असे विचारतात. संकेतस्थळे असल्या फोनवर नीट चालतात की नाही हे त्यांनीच तपासावयाचे असते, तरीही विचारतात. मी त्यांना तलासरीचा रस्ता सांगतो. तिला मात्र घड्याळाचे ते कलम काही ना काही निमित्ताने उघडून दाखवितो. परवा ती “बरं आहे” म्हणाली.