हॅमसॅट, तू गेल्यावर

तू, हॅम रेडिओवाल्यांचा उपग्रह, यायचास दहा-साडेदहाच्या सुमाराला. कधी ऊन चढत असताना, कधी तेर गाव निजल्यावर.

गच्चीवर मी, हातात यागी अँटेना. पलीकडे तेरणा नदीचा अंधार. हेडफोनमध्ये 145 मेगाहर्ट्झची खरखर, आणि खरखरीच्या तळातून वर येणारी तुझी बारीक शीळ.

आलास!

मग 435 वर ‘सीक्यू सॅटेलाइट’ अशी हाक देत मी कॉलसाइन सोडायचो, आणि माझाच आवाज तुझ्याकडून माघारी यायचा, जरा पातळ, जरा परका, डॉपलरने सुरावरून निसटणारा; त्याला सावरत, डायल बोटाने किंचित किंचित फिरवत, अँटेनेचं टोक आभाळभर तुझ्यामागे वळवत असताना कुठल्या तरी अनोळखी गळ्यातून उत्तर उमटायचं, बंगळूरहून, हिमालयाच्या पायथ्याहून, कधी समुद्रापलीकडून, आणि तू क्षितिजाखाली बुडेपर्यंतच्या त्या दहा-बारा मिनिटांत हे गाव पुन्हा तगर व्हायचं.

तगर म्हणजे जुनं तेर. त्याचा माल भडोचच्या बंदरात उतरायचा. पुढे गलबतांनी दूर देशी. ते व्यापारी गेले, गाड्या गेल्या. मला मिळालेली वाट तुझी होती.

मोबाइलवर आज कुठलाही देश लागतो, मान्य. पण तिथे आपलीच हाक आभाळाला लागून आपल्याला ऐकू येत नाही.

5 मे 2005 ला तू श्रीहरिकोट्याहून निघालास, कार्टोसॅटच्या सोबतीने. वजन 42.5 किलो. पोटात दोन ट्रान्सपाँडर, एक आपला, एक डच विद्यार्थ्याने रचलेला. दोन वर्षांचं आयुष्य सांगितलं होतं. नऊ वर्षं बोललास.

11 जुलै 2014. तुझं काम संपल्याचं जाहीर झालं. दुसऱ्या दिवशी गुरुपौर्णिमा. वर चंद्र भरत आलेला, आणि त्या एवढ्या उजेडात तुझा ठिपकाभरही आवाज नाही.

संत गोरा कुंभारांनी, आमच्या गोरोबाकाकांनी, थापटण्याने संतांची डोकी पारखली, मडकी पारखावीत तशी, असं इथे सांगतात. मी हाकेने तुला ठोकून पाहतो. कच्चा नाही, पक्का नाही. नादच नाही.

तुझा थोरला भाऊ मात्र फिरतो आहे. ऑस्कर-7, तोही हॅमचा उपग्रह. 15 नोव्हेंबर 1974 ला कक्षेत गेलेला. 1981 मध्ये तोही मुका झाला होता. सगळ्यांनी त्याला सोडून दिलं होतं. 21 जून 2002 ला तो पुन्हा ऐकू आला. तेव्हापासून तो उन्हापुरता आहे. पृथ्वीच्या सावलीत शिरला की विझतो. ऊन लागलं की उठतो.

त्याच्यामुळे तुझीही आशा धरली. डोक्यावरून जाणारे तुझे किती पास तसेच जाऊ दिले, रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर, तुझ्या वेळेला.

तू तसा नाहीस. तू गेलास. निरोपाचं सेव्हन्टी-थ्री, हॅमसॅट.

आणि वाचणाऱ्यांनो, घरात एसएसबीचा जुना रिसीव्हर पडून असेल, तर ऑस्कर-7 चा पास बघा आणि 145.95 मेगाहर्ट्झच्या आसपास कान लावा. दिवसाचा पास निवडा. सावलीत तो बोलत नाही.