ठसा आणि सनद

एका वस्तूवरून तिच्यासारखी दुसरी करणें ही मनुष्याची फार जुनी विद्या आहे. मुद्रेवरून मोहर उठते, साच्यांतून मूर्ति निघते, छापखान्यांतील खिळ्यांवरून पुस्तकाच्या हजारों प्रती तयार होतात. परंतु प्रत हातीं आली म्हणजे मूळ वस्तूचा अधिकारही तिच्याबरोबर येतो काय? इनामाच्या सनदेची नक्कल कितीही सुबक असली, तरी नुसत्या नकलेच्या बळावर इनाम मिळत नाहीं. कागदपत्रांच्या दुनियेंतील हा प्रश्न शाळेच्या संगणक-खोलींतही उभा राहतो, हें मात्र मला अलीकडेच कळलें.

विंडोज १० ह्या प्रणालीची नेहमींची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. तेव्हां आमच्या खोलींतील नऊ लॅपटॉपांवर विंडोज ११ घालण्याचें काम नाताळच्या सुटींत हातीं घेणें प्राप्त झालें. प्रत्येक यंत्रावर आधीं प्रणाली, मग मराठी टंकलेखनाची सोय, मग मुलांच्या अभ्यासाचीं साधनें, असें एकेक घालीत बसलें तर सुटी संपते, काम संपत नाहीं. यासाठीं जाणते लोक एक युक्ति योजतात. सर्व सिद्धता एकाच यंत्रावर करावयाची, आणि त्या सिद्ध प्रणालीचा संपूर्ण ठसा, ज्याला व्यवहारांत इमेज म्हणतात, उचलून इतर यंत्रांवर उतरवावयाचा.

ठसा उचलण्यापूर्वीं एक संस्कार करावा लागतो. तो मला मोठा अर्थपूर्ण वाटला. सिसप्रेप नांवाचें एक साधन प्रणालीबरोबरच येतें. त्याला योग्य ती आज्ञा दिली कीं पहिल्या यंत्राचें नांव, त्याचा सुरक्षा-क्रमांक आणि सक्रियकरणाची खूण हीं पुसलीं जातात. शिकलेलें सारें शिल्लक राहतें. ‘मी अमुक यंत्र’ ही आठवण तेवढी जाते. ती न पुसतां ठसा उतरवला, तर सर्व यंत्रें एकच नांव सांगूं लागतील आणि खोलींत नसता घोटाळा माजेल.

ठसा उतरला, यंत्र सुरू झालें, सर्व साधनें जागच्या जागीं दिसलीं. पण पडद्याच्या कोपऱ्यांत फिकट अक्षरांत एक सूचना उमटली. प्रणाली सक्रिय करा, अशी ती मागणी होती. विद्या आली होती, सनद यावयाची होती.

ही सनद देण्याची पद्धति विंडोजमध्यें २००१ सालच्या एक्सपीपासून सुरू झाली. त्या वेळीं प्रणाली घातल्यावर ३० दिवसांच्या आंत सक्रियकरण करावें लागे. किल्ली आणि यंत्राच्या घटकांवरून काढलेली खूण यांची सांगड घालावयाची, हें त्यामागील तत्त्व. म्हणूनच तबकडीवरील सर्व कांहीं दुसऱ्या यंत्रांत गेलें तरी सनद मागें राहते. नव्या यंत्राचे घटक निराळे असतात. २०१२ सालीं विंडोज ८ आलें, तेव्हांपासून यंत्र तयार करणारे कारखाने प्रत्येक यंत्राच्या मुख्य पटलावरील स्मृतींतच त्याची स्वतंत्र किल्ली कोरून ठेवूं लागले. तबकडी कोरी केली तरी ही किल्ली जात नाहीं. संस्थांसाठीं आणखी दोन मार्ग आहेत. एकांत संस्था आपल्याच आवारांत एक सेवक-संगणक ठेवते. इतर यंत्रें त्याच्याकडून सनद घेतात आणि १८० दिवसांची मुदत संपण्याच्या आंत ती नवी करतात. परंतु यासाठीं निदान २५ यंत्रें लागतात. आमचीं नऊच, तेव्हां तो मार्ग आम्हांला नव्हता. दुसऱ्या मार्गांत एकच किल्ली अनेक यंत्रांना चालते. प्रत्येक सक्रियकरणागणिक तिच्या गणतींतील एक संख्या कमी होते. आमच्याकडे अशी किल्ली होती.

सात यंत्रें या किल्लीनें पाहतां पाहतां सक्रिय झालीं. राहिलीं दोन. तीं शाळेला मागाहून देणगीदाखल मिळालीं होतीं, आणि शाळेचा करार सात यंत्रांपुरताच होता. मौज अशी कीं किल्लीच्या गणतींत अजून जागा होती. अशा किल्लीला पुष्कळदां कराराहून अधिक वेळां चालण्याची मुभा ठेवलेली असते. गणतींत जागा होती, करारांत नव्हती.

मदतीला आलेला नववींतील एक चलाख विद्यार्थी म्हणाला, “सर, किल्ली अजून चालते आहे. दोनच तर यंत्रें आहेत. कंपनीला कळणार नाहीं, यंत्राला कळणार नाहीं. मग अडलें कुठें?”

मीं म्हटलें, “अरे, किल्ली लागणें निराळें आणि घर आपलें असणें निराळें.”

तो हंसला, पण गप्प बसला नाहीं. “पण सर, ज्यानें पैसे मोजले त्यालाच हे पुनःपुन्हां दाखला मागतात. चोराला कोण विचारतो? तो खोटा सेवक-संगणक उभा करून मोकळा होतो.”

त्याच्या बोलण्यांत तथ्य होतें, आणि तें मीं मान्य केलें. ज्यानें मोल दिलें त्याला दारावर थांबवावें आणि ज्यानें भिंत फोडली तो आंत सुखानें बसावा, ह्यांत न्याय नाहीं. परंतु दारवानाशीं भांडण आहे म्हणून आपणही भिंत फोडावी, हें त्यावरचें उत्तर नव्हे. शिवाय असल्या खोट्या साधनांपैकीं पुष्कळ साधनें आधीं यंत्राचा पहारा, म्हणजे विषाणूंपासूनचें संरक्षण, बंद करावयास सांगतात. तें बंद केल्यावर आंत कोण येईल याचा भरंवसा कोणीं द्यावा?

त्या दोन यंत्रांना स्वतःची सनद नव्हती असें नाहीं. कारखान्यानें त्यांच्या स्मृतींत किल्ली कोरलेली होतीच. मात्र ती ‘होम’ आवृत्तीची होती, आणि आमचा ठसा ‘प्रो’ आवृत्तीचा. म्हणून तो ठसा त्यांवरून काढला आणि ‘होम’ आवृत्ति नव्यानें घातली. प्रणालीनें किल्ली आपण होऊन वाचली, आणि यंत्र महाजालाशीं जोडतांच तें सक्रिय झाल्याची नोंद दिसली. श्रम मात्र वाढले. ठशांतून आयतीं आलेलीं साधनें या दोन यंत्रांवर एकेक करून घालावीं लागलीं. हें काम त्या विद्यार्थ्यानेंच अंगावर घेतलें आणि दोन दुपारीं खपून तें पुरें केलें. शाळा उघडली त्या दिवशीं वर्गांतील छत्तीस मुलें चार-चारांच्या गटांनीं नऊही यंत्रांपुढें बसलीं. कोणत्याच पडद्याच्या कोपऱ्यांत तीं फिकट अक्षरें नव्हतीं.

वाचकहो, शाळा तरी याहून निराळें काय करते? एकच पाढे, एकच व्याकरण, एकच इतिहास असा सिद्ध ठसा आम्ही शिक्षक दरवर्षीं शेंकडों मनांवर उतरवीत असतों. तो उतरला म्हणजे आपलें काम झालें असें आम्हांला वाटतें. परंतु ती विद्या वापरण्याचा अधिकार ज्याचा त्यानेंच, आपल्या ठिकाणीं असलेल्या किल्लीनें, मिळवावयाचा असतो. कोणाची किल्ली थोरल्या आवृत्तीची असेल, कोणाची धाकटीची. त्यांत कमीपणा नाहीं. दुसऱ्याच्या किल्लीवर चालणारें मोठेपण गणतींत बसेल, करारांत बसणार नाहीं. हें त्या मुलाला मीं शिकवलें असें म्हणवत नाहीं. त्या दोन यंत्रांपुढें बसून, एकेक साधन हातानें घालतां घालतां, तें त्याचें त्यालाच उमगलें असावें.