दुसरी जोडी हातांची

तिसरीतल्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येत नाही असं दिसलं की आपण पहिली-दुसरीच्या शिक्षकांकडे बोट दाखवतो. ‘असर’च्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीची अवघी २३.४ टक्के मुलं तेवढं वाचू शकली. ही पाहणी खेड्यांपुरती असते. कल्याण आणि उल्हासनगर या दोन स्थानकांच्या मधल्या विठ्ठलवाडीसारख्या वस्त्या तिच्या चाळणीत येतच नाहीत. पण इथल्या चाळींतलं मूल सहाव्या वर्षी महापालिकेच्या शाळेत बसतं, तेव्हा त्याच्या घरची बोली भोजपुरी, सिंधी किंवा आगरी असू शकते आणि पुस्तकातली भाषा त्याच्यासाठी जवळजवळ परकी. ही दरी पहिलीत पडत नाही, पहिलीत ती फक्त उघडी पडते. म्हणून शाळेचा निकाल सुधारायचा तर आधी अंगणवाडीकडे बघायला हवं; आणि तिथेही मूल अंगणवाडीत ‘जातं का’ यापेक्षा त्याच्याशी रोज किती वेळ कुणी ‘बोलतं’ हे विचारायला हवं, असं बालशिक्षणाचा अभ्यासक म्हणून माझं म्हणणं आहे.

हा विचार याच मातीतला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ही दोन्ही गावं तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातली. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, या कल्पनेतून ‘अंगणवाडी’ जन्मली. माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, पानं, खडे, बिया हीच साधनं झाली. त्यातलं शास्त्र साधं आहे. समोर मूठभर चिंचोके घ्या. मूल त्यांचे दोन ढीग करतं. बाई विचारतात, कुठे जास्त? मूल एकास एक लावून बघतं, चुकतं, पुन्हा लावतं आणि ‘इकडे दोन उरले’ म्हणतं. तुलना, मोजणी, वजाबाकी आणि एक पूर्ण वाक्य, सगळं त्या मुठीतून आलं. पाटीवर १ ते १०० गिरवून यातलं काहीच येत नाही. मात्र इथे चिंचोक्यांइतकीच गरज आहे ती प्रश्न विचारून उत्तराची वाट बघणाऱ्या माणसाची.

नेमका तोच वेळ आज सेविकेकडे नाही. २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडीवर सहा सेवा सोपवल्या आणि पूर्वप्राथमिक शिक्षण ही त्यांतली एक. वजनं, उंची, लसीकरण, गरोदर मातांच्या भेटी, आहाराचं वाटप आणि मोबाइलवरच्या नोंदी उरकल्या की शिकवणं उरतं. मदतनीस स्वयंपाकात, वाढण्यात आणि मुलांना आणण्यात अडकलेली. तमिळनाडूत ३२० अंगणवाड्यांच्या प्रयोगात निम्म्या ठिकाणी फक्त शिकवण्यासाठी अर्धवेळ जादा कार्यकर्ती दिली. शिकवण्याचा निव्वळ वेळ दुप्पट झाला, दीड वर्षात मुलं भाषेत नि गणितात स्पष्टपणे पुढे गेली, आणि सेविकेचे हात मोकळे झाल्याने कुपोषणही घटलं. इमारत तीच, आहार तोच. वाढली ती हातांची एक जोडी.

यावर जाणकार एक जड आक्षेप घेतात. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात २,९९० मुलांच्या अभ्यासात सरकारी बालवर्गात गेलेली मुलं सहावीपर्यंत न गेलेल्यांच्या मागे पडलेली दिसली. हा पुरावा झाकून चालणार नाही. पण उलट दिशेचा पुरावाही आहे: मिशिगनमधल्या इप्सिलांटी या छोट्या गावात १९६२मध्ये सुरू झालेल्या पेरी या बालवर्गाच्या प्रयोगात १२३ मुलं होती. बुद्ध्यंकातली वाढ काही वर्षांत विरली, तरी चाळिशीत बालवर्गात गेलेली मुलं न गेलेल्यांपेक्षा नोकरीत अधिक टिकलेली आणि कमी वेळा अटक झालेली आढळली. पेरीत एका शिक्षिकेमागे जेमतेम पाच-सहा मुलं होती; टेनेसीबाबत संशोधकांनी मांडलेली एक शक्यता अशी, की सगळ्यांना एकत्र बसवून शिकवण्यात फार वेळ गेला. म्हणजे बालवर्ग भरवणं पुरेसं नाही, वाईट भरवला तर तो नुकसानही करू शकतो. दुसरा आक्षेप पालकांचा: मग इंग्रजी नर्सरीच बरी नाही का? राजस्थान, आसाम आणि तेलंगणातल्या सुमारे १४,००० मुलांच्या पाहणीत खासगी नर्सरी म्हणजे बहुधा पहिलीचाच वर्ग खाली ओढलेला निघाला, आणि अंगणवाडी असो वा नर्सरी, पाचव्या वर्षी मुलांची शाळेची तयारी कमीच भरली. फी भरून गिरवणं विकत मिळतं, संवाद नाही.

राहिला अंमलबजावणीचा प्रश्न. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला. पण अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे, पहिली शिक्षण विभागाकडे. विभाग दोन, नोंदवह्या दोन. विठ्ठलवाडीपुरती सुरुवात करायची तर काही अंगणवाड्यांना सकाळचे दोन तास फक्त शिकवणारी एक स्थानिक मुलगी द्यावी, तिला नोंदींचं एकही काम लावू नये, आणि तीच मुलं तिसरीत गेल्यावर त्यांचं वाचन शेजारच्या, अशी मुलगी न मिळालेल्या अंगणवाड्यांतल्या मुलांशी ताडून पाहावं. फरक दिसला नाही तर योजना बंद करावी. पण तोवर तिसरीच्या निकालाचा जाब एकट्या शाळेला विचारणं म्हणजे पेरणी न पाहता खळ्यावर भांडणं आहे.