फुगेवाल्या बाया

माणसाने चाळिशी ओलांडल्यावर धावू नये, असं माझं कालपरवापर्यंत ठाम मत होतं. धावण्याची सगळी कारणं तोवर संपलेली असतात. शाळेची घंटा केव्हाच होऊन गेलेली असते. एक एसटी चुकली तर दुसरी मिळते, आणि नाही मिळाली तरी पाहुण्यांकडचा एक मुक्काम वाढण्यापलीकडे फारसं काही बिघडत नाही, हेही कळून चुकलेलं असतं. त्यातून बँकेतल्या कारकुनाने तर मुळीच धावू नये. कारकून रस्त्याने पळताना दिसला, की लोक त्याच्या हातात पिशवी आहे का, ते आधी बघतात.

असं असताना गेल्या जून महिन्यात अमेरिकेहून धाकट्याचा फोन आला.

"दादा, जानेवारीत तू न् वहिनी इकडं या. तिकिटं मी काढतो. आणि ऐक, तुझं नाव शर्यतीत घातलंय. माझंही घातलंय."

"कसली शर्यत?"

"डिस्नेची. एकवीस किलोमीटर."

मला आधी वाटलं, एकवीस किलोमीटरवर डिस्ने आहे आणि तिथवर रिक्षा मिळत नाही, असं काहीतरी तो सांगतोय. मग हळूहळू उलगडा झाला. फ्लोरिडात ऑर्लँडो शहराजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्ड नावाची एक बारमाही जत्रा १९७१ सालापासून भरलेली आहे. पाळणे, राजवाडे, मिकी उंदीर, सगळं आहे. आणि १९९४ सालापासून दर जानेवारीत या जत्रेतून लोक पळतात. चोरी करून नव्हे, पैसे भरून. गुरुवारी पाच किलोमीटर, शुक्रवारी दहा, शनिवारी एकवीस आणि रविवारी बेचाळीस. ज्यांना एवढ्यानेही समाधान होत नाही ते चारही दिवस पळतात. त्यांचे एकूण अठ्ठ्याहत्तर किलोमीटर भरतात आणि त्या पराक्रमाला हिमगौरीच्या सात बुटक्यांपैकी डोपीचं नाव दिलेलं आहे. सातांमध्ये डोक्याने जरा अधू तो डोपी. नाव ठेवणाराला माणसांची पारख असावी.

फी किती, ते धाकट्याने सांगितलं नाही. मी शोधून काढलं आणि सवयीने डॉलरचे रुपये केले. तेवढ्यात आमच्याकडे एक दुभती उस्मानाबादी शेळी करडासकट दारात बांधता आली असती.

आमचं गाव धावण्यात मागे आहे असं मात्र कुणी समजू नये. भारताच्या महिला खो-खो संघाची कर्णधार राहिलेली सारिका काळे आमचीच. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेने २०२२ सालच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचं रौप्यपदक आणलं. म्हणजे हवापाणी चांगलंच आहे. दोष माझ्यात होता. मी कॉमर्सचा विद्यार्थी. आमच्याकडे धावतं काही असेल तर ते व्याज.

धाकट्याने तक्ता पाठवला. सहा महिन्यांचा. सोमवारी विश्रांती, मंगळवारी अर्धा तास पळणे, बुधवारी विश्रांती, असा. विश्रांतीचे रकाने मी पहिल्या आठवड्यापासून चोख पाळले.

बाकीच्या रकान्यांसाठी बूट घ्यावे लागले. किंमत ऐकून आमची ही म्हणाली, "लग्नातल्या बुटांच्या पाचपट आहे ही." मी म्हटलं, "लग्नात पळायचं नव्हतं." त्यावर ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला मी हातलाई तलावाच्या दिशेने निघालो. शंभर पावलं झाली असतील, एक दूधवाला मोटारसायकल वळवून माझ्या बाजूला आला. "काय झालं साहेब? दवाखान्यात कोन हाय?" मी हातानेच "काही नाही" म्हणालो, कारण तोंड श्वासासाठी राखून ठेवलं होतं. त्याला वाटलं, प्रसंग बोलण्यापलीकडचा आहे. "बसा मागं, सोडतो!" म्हणून त्याने कॅन सरकवून जागा केली. पुढच्या चौकात दोन कुत्री सामील झाली. त्यांचा वेग माझ्यापेक्षा बरा होता, आणि त्या दिवशी मी जे काही पळालो त्याचं श्रेय त्यांनाच द्यावं लागेल. बँकेत पोचलो तर बातमी माझ्याआधी पोचलेली. आमचे शिपाई हळूच म्हणाले, "साहेब, आईंची तब्येत कशी आहे आता?"

आईची तब्येत उत्तम होती. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी ती ओट्याशी उभी राहून माझ्यासाठी कुळथाचं माडगं करत होती आणि विचारत होती, "कशापायी पळायलास रे? कुणाचं देणं हाय का?"

जुलै-ऑगस्टात मी पाच किलोमीटरपर्यंत आलो. सप्टेंबरात आठ. आकडे मी बँकेच्या सवयीने वहीत मांडत असे: जमेला किलोमीटर, नावे गुलाबजाम. आमच्या गावचे गुलाबजाम ज्यांनी खाल्ले आहेत त्यांना ताळेबंद का जुळेना ते सांगायला नको. साखर थोडी वर सरकली आहे, असं डॉक्टर दोन वर्षं सांगत होते. त्यांनी मात्र शर्यतीचं ऐकून आनंदाने माझा हात दाबला. डॉक्टरांचा हा आनंद मला फारसा आवडला नाही.

अशा सुखाच्या दिवसांत धाकट्याने फोनवर सहज म्हणून एक गोष्ट सांगितली. या शर्यतीत वेळेचं बंधन आहे. मैलाला सोळा मिनिटं, म्हणजे किलोमीटरला साधारण दहा. एकवीस किलोमीटर साडेतीन तासांत झालेच पाहिजेत. आणि हे बंधन पाळलं जातं की नाही ते पाहायला सगळ्यांच्या शेवटी, बरोबर त्या वेगाने, हातात फुगे धरून काही बाया चालत येतात.

"बाया?"

"हो. फुगेवाल्या. त्या तुझ्या पुढं गेल्या की मागनं बस येते. तुला उचलून बसमध्ये घालतात."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आयुष्यात मला साहेबांची, ऑडिटची आणि सासुरवाडीची भीती वाटलेली आहे. पण फुग्यांची भीती पहिल्यांदाच वाटली. पळताना मी मागे वळून पाहू लागलो. एकदा तर जत्रेतला खराच एक फुगेवाला सायकलवरून मागून आला, आणि त्या दिवशी मी किलोमीटरचा माझा आजवरचा उच्चांक केला.

शर्यत पहाटे पाचला सुटते आणि त्याआधी तास-दीड तास तिथे हजर राहावं लागतं. म्हणजे उठायचं दोनला. तुळजापूरची पहाटेची पूजा सोडली तर दोनला मी कशासाठी उठलेलो नाही. पण धाकट्याने हिशेब करून दाखवला: जानेवारीत तिथले पहाटेचे पाच म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. तुझं शरीर इथल्याच वेळेवर असेल, त्रास होणार नाही. त्याला काय ठाऊक, की दुपारी साडेतीनला काउंटरवर माझ्या शरीराची काय अवस्था असते!

पोशाखाचाही प्रश्न होता. तिथे लोक सोंगं घेऊन पळतात म्हणे. कुणी हिमगौरी, कुणी चाचा, कुणी बदक. वाटेत मिकी-गूफी उभे असतात, त्यांच्याबरोबर फोटो काढायला रांगा लागतात, आणि रांगेत उभं राहिलं तरी वेळ मोजणं चालूच असतं. मी ठरवलं, पांढरी टोपी घालायची. आपल्याला ती टोपी, तिथल्यांना ते सोंग. शर्यत संपल्यावर गळ्यात डोनाल्ड बदकाचं पदक घालतात.

व्हिसासाठी मुंबईला जाऊन आलो. पासपोर्टवर जन्मगाव उस्मानाबाद, पत्ता धाराशिव. अर्जात एक प्रश्न होता: तुम्ही पूर्वी दुसऱ्या कुठल्या नावाने ओळखले जात होता काय? मी पेन थांबवून बराच वेळ विचार केला. मी नव्हतो, गाव होतं. २०२३ साली त्याचं नाव बदललं. पण गावाला व्हिसा नको होता, म्हणून 'नाही' लिहिलं.

आणि मग ऑक्टोबरात कोजागिरी आली.

आमच्याकडे कोजागिरीला लोक दूध आटवत बसत नाहीत. निदान सगळे बसत नाहीत. ते तुळजापूरला चालत जातात. सोलापूरकडून तर माणसांचा पूरच येतो, आणि त्यांचं अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की देवी निद्रेला जाते आणि पौर्णिमेला उठते. नऊ दिवसांचं युद्ध झाल्यावर देवीसुद्धा पाच दिवस विश्रांती घेते, हे मी धाकट्याला त्याच्या तक्त्यातल्या विश्रांतीच्या रकान्यांच्या समर्थनार्थ कळवलं होतं.

धाराशिव ते तुळजापूर वीस-बावीस किलोमीटर. म्हणजे बरोबर माझी शर्यत. आई दरवर्षी जाते. मी म्हटलं, "यंदा मी येतो. सरावही होईल." आईने माझ्या बुटांकडे पाहिलं, स्वतःच्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि काहीच बोलली नाही.

निघालो. चांदणं पिठासारखं पडलं होतं. "आई राजा उदो उदो" म्हणत रस्ताभर माणसं. मी घड्याळ लावलं आणि तक्त्याप्रमाणे पळत सुटलो. पहिले चार किलोमीटर झकास. मागे वळून पाहिलं, आई दिसेनाशी झालेली. एका मंडपात फुकट चहा होता, तो घेतला. पुढच्या मंडपात केळी. त्याच्या पुढे पोरं यात्रेकरूंचे पाय चोळून देत होती, तिथे जरा टेकलो. एवढ्या सोयी अमेरिकेत असतील असं मला वाटत नाही. टेकल्या टेकल्या डोळा लागला असावा. कारण जागा झालो तेव्हा समोरून शेजारच्या दोघी बायकांबरोबर आई चालली होती. ना घाई, ना दम. त्याच चालीने, ज्या चालीने ती घरातून निघाली होती.

"आगं, थांब की!"

"थांबाया काय झालं? तू ये पळत."

त्या क्षणी मला कळलं, फुगेवाली बाई कशी दिसते.

पुढचे बारा किलोमीटर मी तिला गाठत होतो. गाठायचो, मागे पडायचो, पुन्हा गाठायचो. पंधराव्या किलोमीटरला पळण्याचं सोंग सोडलं आणि तिच्या पावलांत पावलं टाकू लागलो. मग जमलं.

बराच वेळ आम्ही मुकाट चाललो. मग आई म्हणाली, "हितंच कुठंतरी धाकल्या हारवला हुता."

मी विसरलो होतो असं नाही. मी दहा वर्षांचा, तो सहा. "भावाचा हात सोडू नगस" असं मला बजावलेलं. पण मला सगळ्यांच्या आधी पोचायचं होतं. मी हात सोडला आणि पळालो. तासाभराने तो एका चहाच्या गाड्यापाशी सापडला. रडत नव्हता. "दादा येणार हाय" असं गाडीवाल्याला सांगत बसला होता. वडिलांनी मला मारलं नाही. पण परतीच्या वाटेवर त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि माझ्याशी गावापर्यंत बोलले नाहीत.

पुढे तोच इतक्या पुढे निघून गेला की हाक मारायची सोय राहिली नाही. २०२१ साली वडील गेले तेव्हा विमानं बंद होती. सगळं त्याने फोनच्या पडद्यावर पाहिलं. फोन माझ्या हातात होता आणि माझा हात हलत होता, म्हणून त्याला नीट दिसलंही नसेल. तेव्हापासून दर रविवारी आमचं दहा मिनिटं बोलणं होतं. हवा, साखर, पोरांचे मार्क. दोघांनाही अकरावं मिनिट नको असतं.

धाकट्याने मला शर्यतीत का घातलं ते मी त्याला विचारलेलं नाही. त्यानेही सांगितलेलं नाही. पण हिशेब करणं हा माझा पोटाचा धंदा आहे. साडेतीन तास म्हणजे दोनशे दहा मिनिटं. आमच्या रविवारांच्या मापाने एकवीस आठवडे. सलग. शेजारी शेजारी.

पहाटे कळस दिसला. आईने घड्याळ विचारलं नाही, पदक मागितलं नाही. गर्दीतून जमेल तेवढं दर्शन घेतलं, पायरीवर बसून पिशवीतली दशमी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. माझ्या पायांना पाच फोड आले होते. तिच्या पायांना काय झालं होतं ते तिने पाहू दिलं नाही.

आता आठ दिवसांनी आमचं विमान आहे. दिवाळीनंतर मी सतरा किलोमीटरपर्यंत पोचलो आहे आणि गुलाबजामांचं खातं तात्पुरतं गोठवलं आहे. बॅगेत बूट आहेत, टोपी आहे, कुंथलगिरीचे पेढे आहेत. काल रात्री आईने देवीच्या कुंकवाची पुडी आणून बॅगेत ठेवली आणि म्हणाली, "दोघं संगं ऱ्हावा. म्होरं पळू नगस."

"नाही पळत," मी म्हटलं. आजवरच्या माझ्या सरावाकडे पाहता हे वचन पाळणं मला जड जाऊ नये.

त्या शर्यतीत मागे राहिलेल्याला बसमध्ये घालून आणतात, हे मात्र मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाली असती, "मग बसनंच या की रं दोघं. बोलत बोलत."